रॉबर्ट जॉन्सनच्या आधी जॉन हर्ट ऐका

तीन वर्षं गिटार वाजवताय, कॉर्ड आणि स्ट्रमिंग जमतंय. कुणीतरी सांगितलं म्हणून रॉबर्ट जॉन्सन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायक-गिटारवादकाची सगळी गाणी ओळीने ऐकलीत, आणि खरखर, किनरा आवाज आणि सैतानाला आत्मा विकल्याची गोष्ट यापलीकडे हाती काही लागलं नाही. ‘सगळे थोर म्हणतात ते मला का ऐकू येत नाही, शिकायचं तर कुठून, आणि मराठी माणसाने हे गावं की नाही?’ असं तुम्ही विचारलंय. पंचवीसेक वर्षं मी हेच वाजवतो आणि शिकवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या कानात खोट नाही. तुम्ही परंपरेचं शेवटचं पान आधी उघडलंत. जॉन्सनची ध्वनिमुद्रणं 1936 आणि 1937 सालची आहेत. एकट्या गिटारवर ब्लूज वाजवलेली पहिली तबकडी सिल्व्हेस्टर वीव्हरची, 1923 ची. टेक्सासचा ब्लाइंड लेमन जेफरसन 1926 मध्ये गाजला आणि त्यानंतर कंपन्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेत एकट्यादुकट्या गिटारवाल्यांचा शोध सुरू केला. म्हणजे जॉन्सन स्टुडिओत बसला तेव्हा त्याच्या मागे दहा-बारा वर्षांच्या तबकड्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरी त्याने अक्षरशः घोटून पाठ केल्या होत्या. ज्या बंदिशी तो मोडून नव्याने मांडतो त्या मूळच्या तुम्ही ऐकल्या नसतील, तर त्याने काय केलं हे कळणार कसं?

म्हणून सुरुवात मिसिसिपी जॉन हर्टपासून करा.

मिसिसिपी राज्यात, कॅरोल काउंटीत, अ‍ॅव्हलॉन नावाची छोटी वस्ती. हर्ट तिथे वाढला, नऊ वर्षांचा असताना स्वतःच गिटार शिकू लागला, शेतात राबत राहिला आणि आसपासच्या नाचगाण्यांत वाजवत राहिला. विली नार्मर नावाच्या शेजारच्या गोऱ्या फिडलवादकाने ‘ओके’ या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या टॉमी रॉकवेलला त्याचं नाव सुचवलं. फेब्रुवारी 1928 मध्ये मेंफिसला त्याची आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली, त्यातली दोनच बाजारात आली. त्या दिवसाची आठवण त्याने पुढे सांगितली आहे. मोठा हॉल, आत मोजकी माणसं, मायक्रोफोन थेट तोंडाशी आणलेला. एकदा जागा ठरली की डोकं तसूभर हलवायचं नाही, अशी ताकीद. त्या ताणाने पुढे कित्येक दिवस त्याची मान दुखत होती. आता त्यातलं ‘फ्रँकी’ ऐका. इतक्या अवघडलेल्या अवस्थेत बसलेल्या माणसाचा उजवा हात किती मोकळा आहे बघा!

त्याच वर्षी डिसेंबरात त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. शहरात करमेना, गावाची आठवण येई, त्यातून त्याने ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ रचलं. त्या गाण्यात त्याने आपल्या गावाचं नाव घेतलं, आणि पस्तीस वर्षांनी तेच कामाला आलं. ते पुढे येईलच.

हर्टच्या वादनात सगळं काही अंगठ्यात आहे. सी कॉर्ड धरा आणि अंगठ्याने पाचवी तार, चौथी, सहावी, पुन्हा चौथी असं चार मात्रांत फिरत राहा. तर्जनी आणि मधलं बोट वरच्या तारांवर चाल वाजवतात, अनामिका आणि करंगळी गिटारच्या पाटावर टेकलेली. वारकरी कीर्तनात टाळकरी जसे आपला ठेका सोडत नाहीत आणि बुवा त्यावर हवं तिथे अभंगाची ओळ उचलतात, तसं हे आहे. अंगठा टाळ धरतो, बोटं गातात. चालीतला एखादा स्वर अंगठ्यासोबत पडतो, एखादा दोन ठोक्यांच्या मधोमध. ही मधली जागा म्हणजेच त्या संगीताची झुळझुळ.

इथे माझी एक चूक सांगतो. मी टॅब्लेचर पुढे ठेवून शिकलो. कुठल्या क्षणी कुठली तार एवढंच बघून बोटं टाकत गेलो. ऐकणाऱ्याला गाणं ओळखू यायचं, पण अंगठा बोटांच्या मागे फरफटत होता. गायला तोंड उघडलं की सगळं कोसळायचं. दोन वर्षांनी पुन्हा शून्यापासून नुसता अंगठा घोटला. तुम्ही ते आधीच करा. एकच कॉर्ड, नुसता अंगठा, तळव्याची कड ब्रिजवर हलकी टेकवून बेसचा आवाज दाबलेला. तो चालू असताना कुणाशी तरी बोला, जेवायला काय केलंय ते विचारा. बोलताना अंगठा अडखळला नाही, की मग तर्जनीला काम द्या.

आता खरखरीबद्दल. ती नेमकी कशाची आहे हे कळलं की कान तिच्यापलीकडे जायला शिकतो.

या तबकड्या दहा इंची, मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावणाऱ्या. ध्वनिमुद्रण थेट मेणाच्या जाड चकतीवर कोरलं जाई. चूक झाली तर ती चकती बाद, पुन्हा पहिल्यापासून. विकायची तबकडी लाखेत दगडाची भुकटी वगैरे मिसळून दाबलेली. ही लाख तेव्हा बहुतांश हिंदुस्थानातल्या जंगलांतून जगभर जाई, म्हणजे छोटा नागपूरकडच्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली लाख अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पोहोचून चार्ली पॅटन या मिसिसिपीच्या ब्लूज गायकाच्या आवाजाखाली अंथरली गेली असण्याचा पुरेपूर संभव आहे. आजच्या प्रती बहुतेक वेळा मूळ साच्यावरून घेतलेल्याच नाहीत. कुणाच्या तरी घरी शेकडो वेळा वाजून झिजलेली एखादी तबकडी मिळाली, तिच्यावरून त्या केल्या आहेत.

पॅरामाउंट या कंपनीच्या तबकड्यांचं दुखणं आणखी वेगळं. तिचे मालक मुळात खुर्च्या बनवणारे: विस्कॉन्सिन चेअर कंपनी. ग्रामोफोनची लाकडी कपाटं करता करता ते तबकड्यांच्या धंद्यात शिरले. माल स्वस्तातला, ध्वनिमुद्रणाची पद्धतही यथातथा. पण जेफरसन, ब्लाइंड ब्लेक, पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स ही सगळी मंडळी याच कंपनीच्या पदरी पडली. धंदा बसल्यावर धातूचे मूळ साचे भंगारात गेले. विली ब्राउन या गिटारवादकाची 1930 मधली एक पॅरामाउंट तबकडी आजवर कुणालाच सापडलेली नाही. गाण्यांची नावं ठाऊक आहेत, आवाज नाही. मला याची फार हळहळ वाटते.

फरक कानाने पारखायचा असेल तर जेफरसनचं ‘मॅचबॉक्स ब्लूज’ घ्या. मार्च 1927 मध्ये अटलांटाला ओकेने ते ध्वनिमुद्रित केलं, आणि त्याच वर्षी पॅरामाउंटसाठीही तो ते गायला. दोन्ही लागोपाठ हेडफोन लावून ऐका. गवय्या तोच, गाणं तेच, पण एकात गिटारची प्रत्येक तार सुटी ऐकू येते आणि दुसऱ्यात सगळं घोंगडीखाली गेल्यासारखं. हे एकदा अनुभवलं की घोंगडीखालचं संगीत मनाने बाहेर काढता येतं. आणखी एक, खरखर पूर्ण पुसून टाकलेल्या प्रती टाळा. खरखरीबरोबर तारेवर नखाचा, बोटाचा जो स्पर्श होतो तोही पुसला जातो, आणि वादकाला तर तोच हवा असतो.

तीन मिनिटांचं बंधन आपल्याला परकं नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आपण तबकडीच्या एका बाजूत ऐकत आलो आहोत. मैफलीत खाँसाहेब किती वेळ गात असतील ते आपल्याला कळतं, म्हणून त्या तीन मिनिटांकडे आपण अर्क म्हणून बघतो. हीच नजर इथे लावा. पॅटन शनिवारी रात्रीच्या नाचाला एकेक गाणं लांबच लांब वाजवत असे, लोक नाचत आहेत तोवर. तबकडीवर आहे तो त्याचा एक कापलेला तुकडा.

आणि तुकडा कापणारा हात कंपनीचा. कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची वेगळी यादी काढली होती आणि त्या यादीत ब्लूज खपत होतं. म्हणून वादकाला विचारलं जाई, ब्लूज येतं का, स्वतः रचलेलं आहे का. प्रत्यक्षात ही माणसं नाचाच्या चाली, जुनी कथागीतं, भजनं, त्या काळची लोकप्रिय गाणी सगळंच वाजवत. जेफरसनची भक्तिगीतं डीकन एल. जे. बेट्स या खोट्या नावाने निघाली, पॅटनची एल्डर जे. जे. हॅडली या नावाने. जॉन्सनबरोबर गावोगाव फिरलेला जॉनी शाइन्स सांगत असे की लोक मागतील ते जॉन्सन वाजवायचा, पोल्कासुद्धा. तेव्हा यांना ‘ब्लूज गायक’ हे एकच लेबल लावलं ते विक्रेत्याने, हे ऐकताना मनात ठेवा.

जेफरसन आणि पॅटन हे हर्टनंतरचे पुढचे दोन धडे.

जेफरसनकडे हर्टचा टाळ सापडणार नाही. तो ओळ गातो, गिटार जवळजवळ थांबवतो, मग ओळ संपताच तारांवरून सरसरत उत्तर देतो. पेटीवाला गवयाची जागा टिपून परत करतो तशी ही साथ, फक्त गवई आणि साथीदार एकच माणूस. उत्तर लांबलं तर लांबू देतो. बारा बारचं, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा गटांचं, ब्लूज पुस्तकात शिकलेला माणूस इथे मोजायला लागला की हरवतो, कारण सम त्याला हवी तेव्हा येते. मोजू नका. श्वास कुठे घेतो ते ऐका. तो रस्त्यावर, टेक्सासमधल्या डॅलसच्या डीप एलम भागात वाजवत असे. आंधळ्या माणसाला शेतात काम नव्हतं, गिटार हीच भाकरी, आणि या पिढीत इतके आंधळे वादक दिसतात त्यामागे हेच कारण आहे. चार वर्षांत शंभराच्या आसपास गाणी ध्वनिमुद्रित करून डिसेंबर 1929 मध्ये तो शिकागोच्या थंडीत वारला.

पॅटन हा सगळ्यात अवघड आणि माझा सगळ्यात लाडका. आवाज घोगरा, शब्द चावलेले, प्रती वाईट. पहिल्या दहा वेळा तुम्हाला तो आवडणार नाही. तरी सोडू नका. मिसिसिपी डेल्टात, म्हणजे मिसिसिपी राज्यातल्या नदीकाठच्या सखल प्रदेशात, डॉकरी नावाचा मोठा कापसाचा मळा होता. तिथली बहुतेक कुटुंबं आपल्याकडे अर्धेलीने किंवा बटाईने कसतात तशी जमीन कसत. पीक मालकाच्या तराजूत, उधारी मालकाच्या दुकानात, आणि वर्षअखेरचा हिशोबही मालकाच्याच वहीत. पॅटन त्या मळ्यावर वाढला आणि गिटारच्या जोरावर त्या वहीतून बाहेर पडला. जॅक्सन शहरात फॅरिश स्ट्रीटवर एच. सी. स्पीअर नावाच्या गोऱ्या माणसाचं वाद्यांचं आणि तबकड्यांचं दुकान होतं. वादक पारखून कंपन्यांकडे पाठवायचं काम तो करी. त्याच्यामार्फत पॅटन 14 जून 1929 रोजी इंडियानातल्या रिचमंडला पोहोचला आणि एका दिवसात चौदा गाणी देऊन आला. स्किप जेम्स आणि टॉमी जॉन्सनसुद्धा स्पीअरच्याच दुकानातून पुढे गेले. त्या एका दुकानाचं दार बंद असतं तर डेल्टाचं संगीत आपल्यापर्यंत पोहोचलंच नसतं, असं मला मनापासून वाटतं.

‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ हे पॅटनचं गाणं तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरलं आहे. एप्रिल 1927 मध्ये मिसिसिपी नदीचा बांध माउंड्स लँडिंगला फुटला आणि डेल्टाचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पॅटन एकेका गावाचं नाव घेत जातो: इथे पाणी आलं, तिथेही आलं, उंचावर जावं तर तिथे काळ्या माणसाला मज्जाव. आपल्याकडे 1961 चा पानशेतचा पूर बघितलेली माणसं पेठांची नावं घेत घेत सांगतात, तसंच. मागे तो पाय आपटतो, गिटारचा पाट थापटतो, खालची तार ओढून सोडतो तेव्हा ती फ्रेटवर फाटकन आपटते. एका माणसात ढोल, गिटार आणि बोलणं एकत्र आहे. हे वाजवायला घेतलं तर डावा हात अजिबात कठीण नाही. उजवा हात वर्षभर छळतो.

मग ट्यूनिंग. इथे आपल्याला एक सोय आहे ती इंग्रजी पुस्तकं देत नाहीत: सरगम. ही मंडळी अनेकदा गिटार एका कॉर्डमध्ये मोकळी लावत. एका पद्धतीला ते ‘स्पॅनिश’ म्हणत, दुसरीला ‘व्हेस्टापोल’. एकोणिसाव्या शतकात घरोघरी वाजणाऱ्या दोन गिटारच्या तुकड्यांवरून, ‘स्पॅनिश फँडँगो’ आणि ‘सेबॅस्टोपोल’वरून, ही नावं पडली. व्हेस्टापोल म्हणजे जाड तारेपासून सा प सा ग प सा. स्पॅनिश म्हणजे प सा प सा ग प. तंबोऱ्यासमोर बसलेल्या माणसाला हे लावायला यंत्र लागत नाही, आणि नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी षड्ज-पंचम भरून येतो. बाटलीचा गळा किंवा सुरीची पाठ तारेवरून सरकवून हे लोक जे काढत ती मींडच. काच फ्रेटच्या बरोब्बर वर आणायची, मागे नाही, आणि काचेच्या मागे दुसऱ्या बोटांनी तारा हलक्या दाबून ठेवायच्या, नाहीतर भलतेच स्वर गुणगुणतात.

बेंटोनिया गावचा स्किप जेम्स या व्हेस्टापोलमधला गंधार कोमल करतो: सा प सा कोमल ग प सा. एका स्वराने सगळं घर अंधारून येतं. त्यावर त्याचा उंच, पातळ आवाज. फेब्रुवारी 1931 मध्ये तो विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला गेला, अठरा बाजू निघाल्या, पण मंदीने तबकड्यांचा बाजार झोपला होता. फारशा खपल्या नाहीत. निराश होऊन त्याने ते गाणं सोडलं आणि चर्चकडे वळला. ‘डेव्हिल गॉट माय वुमन’ रात्री, दिवा मालवून, एकदा तरी ऐका. बाकी ब्लूजमध्ये गंधार शुद्ध आणि कोमल यांच्या मध्ये कुठेतरी हलतो. आपला कान त्याला तयार असतो, पियानोवर वाढलेल्या कानाला ते शिकावं लागतं. कोमल गंधाराची तार बोटाने किंचित ओढा, शुद्धापर्यंत जाऊ देऊ नका, तिथेच थांबा.

आता जॉन्सनकडे येऊ, आणि त्या सैतानाकडे.

चौरस्त्यावर मध्यरात्री गिटार घेऊन थांबायचं, एक काळा धिप्पाड पुरुष येतो, गिटार लावून देतो, ही हकिकत टॉमी जॉन्सनबद्दल त्याचा भाऊ लेडेल याने सांगितली होती. टॉमी वेगळा, रॉबर्टशी त्याचं नातं नाही. रॉबर्टला ती नंतर चिकटली. सन हाउसच्या आठवणीप्रमाणे पोरगा रॉबर्ट नाचाच्या ठिकाणी त्यांची गिटार उचलून वाजवायचा आणि लोक वैतागायचे. मग तो गायब झाला, आणि परत आला तेव्हा हाउस आणि विली ब्राउन तोंडात बोट घालून बघत राहिले. मधल्या काळात तो आपल्या जन्मगावाकडे, हेझलहर्स्टच्या परिसरात होता. तिथे आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे तो शिकला. दोघं रात्री कब्रस्तानात जाऊन वाजवत, कारण तिथे कुणाची झोपमोड होत नसे. गुरूच्या घरी राहून, रात्री-रात्री बसून मेहनत करणाऱ्या शिष्याला आपण काय म्हणतो? सैतानाची गोष्ट मला रुचत नाही ती एवढ्यासाठी. ती त्या मुलाचा रियाज हिरावून घेते आणि झिमरमनचं श्रेयही.

रियाजाचा पुरावा त्याच्या गाण्यांतच आहे. ‘32-20 ब्लूज’ शेजारी स्किप जेम्सचं ‘22-20 ब्लूज’ ठेवा. जेम्सने ते पियानोवर वाजवलंय, जॉन्सनने गिटारवर उतरवलं. ‘वॉकिंग ब्लूज’शेजारी सन हाउसचं 1930 मधलं ‘माय ब्लॅक मामा’ ठेवा. इंडियानापोलिसचा पियानोवादक लिरॉय कार, कोकोमो आर्नल्ड, यांच्या तबकड्या त्याने पचवल्या होत्या. पियानोवाल्याचा डावा हात खाली जी लयदार बेस चालवतो ती त्याने गिटारच्या जाड तारांवर आणली आणि वर स्वतः गात, मधून उत्तरं देत राहिला. पुढे शिकागोच्या विजेच्या गिटारवाल्यांनी हीच बेस उचलली. दोन माणसं वाजवत आहेत असं तुम्हाला वाटलं असेल तर कान बरोबर चालला आहे.

त्याची ध्वनिमुद्रणं दोनदाच झाली: नोव्हेंबर 1936 मध्ये सॅन अँटोनियोच्या गंटर हॉटेलात आणि जून 1937 मध्ये डॅलसला. एकूण 29 गाणी. ‘टेराप्लेन ब्लूज’ थोडंफार खपलं, बाकीची नाहीत. 16 ऑगस्ट 1938 ला ग्रीनवुडजवळ, सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. तीस वर्षांनी गेल डीन वॉर्डलो या संशोधकाने त्याचा मृत्युदाखला शोधला. मृत्यूच्या कारणापुढे लिहिलं होतं: डॉक्टर नव्हता. 1938 च्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीसाठी निर्माते जॉन हॅमंड त्याला आणू पाहत होते. तो हयात नाही हे कळल्यावर रंगमंचावर त्याच्या तबकड्या लावल्या गेल्या आणि त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी गायला. सैतानापेक्षा ‘डॉक्टर नव्हता’ हे दोन शब्द मला जास्त अस्वस्थ करतात, कारण त्यात त्या काळचं मिसिसिपी आहे.

वाचलेल्यांचं काय झालं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते ठाऊक असायला हवं, कारण त्यामुळेच आपल्याला त्यांचे हात बघायला मिळतात. 1952 मध्ये हर्टची दोन गाणी जुन्या तबकड्यांच्या एका संचात पुन्हा निघाली आणि तरुण संग्राहक त्याला शोधू लागले. ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’मधलं गावाचं नाव कानावर पडल्यावर टॉम हॉस्किन्सने जुन्या नकाशात ते गाव हुडकलं आणि 1963 मध्ये तिथे जाऊन विचारलं. हर्ट तिथेच होता, सत्तरीचा, गुरं राखत. त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांसमोर गायला आणि पुढची तीन वर्षं, 1966 मध्ये जाईपर्यंत, मानाने वाजवत राहिला. 1964 च्या जूनमध्ये स्किप जेम्स ट्युनिकाच्या इस्पितळात सापडला आणि सन हाउस थेट न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला. हाउसने गिटार कधीच सोडली होती. अ‍ॅल विल्सन या विशीतल्या मुलाने समोर बसून त्याची स्वतःचीच गाणी त्याला पुन्हा आठवून दिली. या पुनर्भेटीतल्या चित्रफिती उपलब्ध आहेत. हर्टची उजवी बोटं आवाज बंद करूनसुद्धा बघा.

संशोधकांच्याही मर्यादा असतात. नोव्हेंबर 1940 मध्ये जॉन लोमॅक्स अटलांटाच्या एका हॉटेलात ब्लाइंड विली मॅकटेलला ध्वनिमुद्रित करत होते, लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी. गोऱ्यांच्या वागणुकीबद्दल तक्रारीची गाणी येतात का, असं ते पुन्हा पुन्हा विचारतात. मॅकटेल शांतपणे टाळतो. त्याच्या आवाजातला अवघडलेपणा ध्वनिमुद्रणात ऐकू येतो. जॉर्जियात 1940 साली गोऱ्या माणसाच्या यंत्रासमोर आंधळ्या कृष्णवर्णीय माणसाने काय बोलायचं होतं? या गाण्यांत काय म्हटलं गेलं तेवढंच ऐकू नका, काय म्हणता येणं शक्य नव्हतं तेही लक्षात घ्या.

बायका या परंपरेत होत्या आणि जोरकस होत्या. मेंफिस मिनी ही त्या काळातल्या उत्तम गिटारवादकांपैकी एक, पुढे दोन-अडीच दशकं ध्वनिमुद्रित होत राहिली. गीशी वायली आणि एल्वी थॉमस या दोघींच्या मिळून सहाच बाजू आहेत, 1930-31 च्या, आणि ‘लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज’ हे मी ऐकलेल्या सर्वांत सुंदर ध्वनिमुद्रणांपैकी एक.

गिटारबद्दल. यांच्या गिटारी महागड्या नव्हत्या. स्टेलासारख्या, टपालाने मागवता येणाऱ्या. तेव्हा तुमच्याकडे आहे त्या स्टीलच्या तारांच्या गिटारवर सुरू करा. फक्त तारा वर ओढून ट्यूनिंग लावू नका. मी पहिल्या गिटारवर तारा चढवून ई मध्ये व्हेस्टापोल लावलं आणि ऐन पावसाळ्यात एका सकाळी ब्रिज उचकटलेला सापडला. तारा उतरवून डी मध्ये लावा, सूर उंच हवा तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा.

आणि शेवटचा प्रश्न, मराठी माणसाने हे गावं की नाही. गा. त्यांचे उच्चार, त्यांचा घोगरेपणा ओढून आणू नका, तो त्यांच्या आयुष्याचा आहे. आपल्या गळ्यात गा, आणि गाण्याआधी ते कुणाचं, कुठल्या गावचं, कुठल्या सालचं हे ऐकणाऱ्यांना सांगा. मी प्रत्येक वेळी सांगतो.

पहिल्या महिन्यात नुसता अंगठा. दुसऱ्या महिन्यात हर्टचं ‘लुइस कॉलिन्स’, सी मध्ये, 1928 च्या मूळ लयीपेक्षा निम्म्या लयीत. ते गाता गाता वाजवता आलं की जेफरसनचं ‘मॅचबॉक्स’ नुसतं ऐकायचं, वाजवायचं नाही. आणि मग पुन्हा जॉन्सन लावा, ‘काइंड हार्टेड वुमन ब्लूज’चा पहिला टेक. मध्ये एक छोटा गिटारचा तुकडा येतो, गाणं थांबवून वाजवलेला. तसा सोलो त्याच्या कुठल्याच दुसऱ्या ध्वनिमुद्रणात नाही. तो कुठे सुरू होतो आणि तेव्हा अंगठा काय करतोय, हे कानाने शोधून मला लिहा.